टाचांवरचे हात

"गाठ आत्ताच मोडली पाहिजे, नाहीतर जन्मभर राहते," असं म्हणत अण्णांनी तळहातावर तेल घेतलं आणि त्या पोराच्या मांडीमागे अंगठा रोवला. गिरणगावातल्या एका वाडीचं मैदान, रात्रीचे साडेदहा, खांबावरच्या हॅलोजनभोवती घिरट्या घालणारे किडे आणि पाणी मारूनही उडणारी माती. कबड्डीचा सराव चाललेला. पोरगा एकोणीस-वीसचा, चढाईत चपळ. टो टच घ्यायला, म्हणजे पायाच्या बोटांनी समोरच्याला शिवायला, त्यानं उजवा पाय लांबवला, कोपऱ्यावरच्या बचावपटूनं घोटा धरून आपल्याकडे खेचला आणि त्याच क्षणी हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी पाठीवर येऊन पडली. गुडघा ताठ, कंबर दुमडलेली आणि वर तिघांचं वजन. तो ओरडला नाही. कुशीवर वळला आणि हात मांडीच्या मागे, अगदी वर, बसताना जे हाड टेकतं त्याच्या खाली नेऊन ठेवला. अण्णांच्या अंगठ्याखाली मात्र त्यानं ओठ दातांत धरला. भोवतालचे सगळे म्हणत होते, "सहन कर, सहन कर." त्या म्हाताऱ्या हातांत इतकी माया होती की त्यांना थांबवायला कुणाचीच जीभ वळली नाही.

तो अंगठा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अंगदुखीसाठी आपल्या भाषेत किती नेमके शब्द आहेत. कमरेत उसण भरते, मानेत चमक निघते, पोटरीत गोळा येतो, पाय मुरगळतो. कातडी न फाटता आतल्या आत ठणकतं तो मुका मार. पण स्नायू फाटतो तेव्हा हे सगळे शब्द बाजूला राहतात आणि एकच शब्द पुढे येतो, शीर. शीर आखडली, शीर ताणली, शीर चढली. रक्तवाहिनीही शीर, मज्जातंतूही शीर, हाडाला स्नायू बांधणारा कंडराही शीरच. आणि शीर चढली असं एकदा म्हटलं की ती उतरवायची कशी हेही त्या शब्दातच येऊन जातं, अंगठ्यानं दाबून, जोर लावून. अण्णांनी तेच केलं. त्यांच्या तरुणपणी त्यांच्याही मांडीवर कुणीतरी तेच केलं असणार, आणि काही आठवड्यांनी ते पुन्हा मैदानात उतरले असणार. शरीर पुष्कळदा आपण केलेल्या उपचारांनंतरही बरं होतं, आणि मग श्रेय त्या उपचाराला जातं.

मांडीच्या मागचे तीन स्नायू मिळून ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते बहुतेक वेळा स्नायू आणि कंडरा यांच्या जोडावर फाटतात. धागे तुटतात, दोन्ही टोकं मागे सरकतात आणि मधल्या फटीत रक्त भरतं. हाताला लागते ती गाठ म्हणजे हे साकळलेलं रक्त आणि भोवतीच्या स्नायूनं स्वतःला आवळून घेतलेलं. पुढच्या काही दिवसांत तिथं दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे पांढऱ्या पेशी मेलेले धागे उचलून नेतात आणि धाग्यांच्या कडेला झोपलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन नवे धागे तयार करू लागतात. अलेक्झांडर मौरो यांना त्या १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या. दुसरीकडे फट सांधायला व्रणाची ऊती विणली जाते. साधारण पहिले दहा दिवस हा व्रणच सगळ्यात कच्चा दुवा असतो, त्यानंतर तो शेजारच्या स्नायूपेक्षा चिवट होत जातो. अंगठ्यानं मोडते ती ही कोवळी जुळणी, आणि नुकत्या मिटू लागलेल्या केशवाहिन्या. गरम तेल आणि शेक यांनी रक्तस्राव आणखी वाढतो. मांडीच्या पुढच्या बाजूला गुडघा बसून मुका मार लागला असेल तर सुरुवातीला रगडणं जास्तच महागात पडू शकतं. क्वचित त्या रक्तात चक्क हाड तयार होऊ लागतं आणि तीन ते सहा आठवड्यांनी ते एक्स-रेमध्ये पांढरं दिसतं. कबड्डीत गुडघा मांडीवर बसणं रोजचंच, म्हणून ही गोष्ट प्रत्येक संघाच्या पिशवी सांभाळणाऱ्याला माहीत असायला हवी.

त्या पिशवीत खरं तर फार काही लागत नाही. सहा इंची क्रेप बँडेज दोन. गुंडाळायला गुडघ्याच्या जरा वरून सुरुवात करून वर जांघेकडे जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर, बँडेज निम्मंच ताणलेलं. पावलाला मुंग्या आल्या किंवा बोटं निळसर, गार पडली तर लगेच सोडून सैल बांधायचं, आणि रात्री झोपताना काढून ठेवायचं. बर्फ थेट कातडीवर घासायचा नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, वाटल्यास दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फानं दुखणं कमी होतं, जखम लवकर भरते असं मात्र नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चौकडीचं सूत्र १९७८ मध्ये मांडलं अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. स्वतःचंच सूत्र असं उघडपणे मागे घेणारा माणूस मोठाच म्हणायचा. पहिले दोन-तीन दिवस शेक, मालीश, दारू आणि पळणं, चारही बंद. आणि स्ट्रेचिंगही बंद. हे शेवटचं कुणाला पटत नाही. मांडी मागून आखडलेली वाटते, म्हणून पोरं कठड्यावर टाच ठेवून वाकतात. स्नायू आखडलेला असतो तो जखम सांभाळण्यासाठी, आणि आपण नेमकी तीच फट पुन्हा उघडतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळंनिळं वळ उमटतं, तेही जिथं दुखतं तिथं नाही, त्याच्या खाली, गुडघ्याच्या लवणीपर्यंत. घरचे घाबरतात, पसरत चाललंय म्हणतात. ते रक्त नुसतं वजनानं खाली उतरलेलं असतं, आठवडाभरात हिरवं-पिवळं होऊन विरतं. घाबरावं ते वेगळ्या खुणांना. इजा होताना कट् असा आवाज आला, मांडीची सगळी मागची बाजू काळवंडली, बसायच्या हाडाखाली बोटाला खड्डा लागला किंवा टाच मागे ओढायला जोरच लागेना, तर व्यायामाची चर्चा थांबवून अस्थिरोग तज्ज्ञ गाठायचा आणि एमआरआय करून घ्यायचा. हाडापासून कंडराच सुटला असेल तर तो शिवावा लागू शकतो, आणि आठवडे जातील तसं ते टोक मागे सरकून चिकटत जातं.

या पोराच्या बाबतीत तसं काही नव्हतं. पाचव्या दिवशी अण्णाच त्याला घेऊन परळच्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात आले, हातात कापडी पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. परळशी या विद्येचं जुनं नातं आहे. पोलिओच्या साथीनंतर लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करण्यासाठी भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षणकेंद्र १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच केईएम रुग्णालयात उभं राहिलं. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या याच वस्तीत मातीच्या मैदानांवर कबड्डी जोरात होती. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर वाढल्या, तरी मैदानातला दुखावलेला पाय तिथवर पोचायला अजूनही पाच दिवस लागतात, आणि पाच दिवस म्हणजे लवकरच म्हणायचं.

विभागातल्या ताईंनी आधी फक्त विचारलं. पाय कुठल्या क्षणी दुखला, पळताना की ताणताना? अण्णांना हा प्रश्न वेळकाढू वाटला, पण सगळं त्यावरच होतं. जोरात पळताना, पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी, फाटतो तो बहुतेक बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फीमोरिस. सुरुवातीला तो फार दुखतो पण तुलनेनं लवकर भरतो. गुडघा ताठ ठेवून ताण बसताना फाटतो तो आतल्या बाजूचा, वर हाडाजवळ. हा सुरुवातीला फसवा असतो, माणूस लंगडत का होईना चालतो, पण भरून यायला फार वेळ घेतो. स्वीडनमध्ये कार्ल अस्कलिंग यांनी धावपटू आणि नर्तक असे दोन गट पाहिले होते. पूर्वीच्या पातळीवर यायला धावपटूंना मध्यकानं, म्हणजे रांगेतल्या अगदी मधल्याला, १६ आठवडे लागले, नर्तकांना ५०. टो टच म्हणजे एका अर्थी नर्तकाचाच पाय, शिवाय त्यावर साखळीचं वजन. ताईंनी बसायच्या हाडापासून दुखऱ्या जागेपर्यंत बोटं ठेवून मोजलं. चार बोटं. हे अंतर जितकं कमी तितके आठवडे जास्त. मग त्याला पालथं झोपवून टाच त्यांच्या तळहातावर रेटायला सांगितली, आधी गुडघा जेमतेम वाकवून, मग काटकोनात, आणि प्रत्येक वेळी डाव्या पायाशी ताडून पाहिलं. तेवढाच काय तो त्यांच्या हाताचा स्पर्श.

"मालीश नाही? मशीन नाही?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, मालीश पुढे थोडी करू, आजूबाजूच्या स्नायूंना. त्या जागेला आत्ता कुणीच हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही." त्यांनी एक कागद दिला, त्यावर एकच व्यायाम. पाठीवर निजून, गुडघा वाकवून, टाच गादीत दाबायची. दहा सेकंद दाब, दहा वेळा, गुडघ्याच्या तीन वेगवेगळ्या कोनांत. दुखणं शून्य ते दहात तीनच्या वर गेलं तर जोर कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर निराशा होती आणि ती समजण्यासारखी होती. इथवर यायचं, रांगेत बसायचं आणि कागद घेऊन परतायचं? यंत्र लावलं की उपचार झाल्यासारखं वाटतं. पण करंटनं मिळतो तो तासाभराचा आराम, आणि फाटलेल्या स्नायूवर अल्ट्रासाऊंड फिरवून तो लवकर भरतो याला भक्कम पुरावा नाही. कामाची असते ती वेळेवर दिलेली ओढ. डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचा व्यायाम इजेनंतर दोन दिवसांनी सुरू केला, निम्म्यांचा नऊ दिवसांनी. पहिले मध्यकानं ६२.५ दिवसांत वेदनामुक्त होऊन खेळात परतले, दुसरे ८३ दिवसांत. सुरुवात सात दिवस उशिरा आणि परतणं वीस दिवस उशिरा. व्रणाचे धागे ज्या दिशेनं ओढ मिळेल त्या दिशेनं रांगेत लागतात. ओढच मिळाली नाही तर नुसता गुंता होतो.

मग आठवडे गेले, कंटाळवाणे, मोजण्याचे. पाठीवर निजून कंबर उचलायचा ब्रिज दोन्ही पायांवर, मग टाचा लांब सरकवून, मग एकाच पायावर. चालणं लंगडेपणाविना जमलं तेव्हा अस्कलिंग यांचे तीन व्यायाम आले. पहिला, पाठीवर निजून मांडी सरळ वर धरायची, दोन्ही हातांनी गुडघ्यामागून कवेत घ्यायची आणि गुडघा सावकाश उघडत दुखऱ्या टोकाच्या अलीकडे थांबायचं. १२ वेळा, ३ संच, दिवसातून दोनदा. दुसरा, दुखऱ्या पायावर उभं राहून, हात पुढे पसरून पाण्यात सूर मारल्यासारखं कमरेतून वाकायचं आणि दुसरा पाय मागे उचलायचा. ६ वेळा, ३ संच, एक दिवसाआड. तिसरा सगळ्यात कठीण. आधाराला हात धरून दुखरी टाच जागेवर रोवायची, सगळं वजन तिच्यावर घ्यायचं आणि दुसरा पाय मोजा घालून फरशीवर मागे सरकवत न्यायचा. परत येताना हातांनी उचलून घ्यायचं. फक्त ४ वेळा, ३ संच, दर तिसऱ्या दिवशी. ७५ स्वीडिश फुटबॉलपटूंत ज्यांनी असे लांबवून ताकद देणारे व्यायाम केले ते सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणारे ५१ दिवसांत. चुकतं ते घाईत. पोरं गुडघा झटक्यात उघडतात, संख्या पूर्ण करतात, आणि जी सावकाश उलगडण्याची दोन-तीन सेकंदं औषध असतात तीच गाळतात. त्या दिवसाचा निवाडा दुसऱ्या सकाळी करायचा असतो. उठल्यावर मांडी कालपेक्षा जास्त दुखत असेल तर संच एकानं कमी. पहिल्या व्यायामात स्वतःची मांडी स्वतःच्याच हातांत धरून निजलेला तो पोरगा खाटेवर दिसायचा तेव्हा वाटायचं, मैदानात त्या रात्री हवे होते ते हेच हात, नुसते धरून ठेवणारे.

चौथ्या आठवड्यात दुखणं थांबलं. सगळ्यात अवघड आठवडा हाच. रविवारी वाडीचा अंतिम सामना होता आणि आता दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे वाटणं इतकं साहजिक आहे की त्याबद्दल कुणाला रागवता येत नाही. पण वेदना ही बाहेर पडणाऱ्यांतली पहिली असते. जोर, लांबी आणि वेग मागून येतात. हॅमस्ट्रिंग पुन्हा फाटण्याचं प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत साधारण १२ ते ३३ टक्के सापडलं आहे, आणि त्यातल्या पुष्कळ इजा मैदानात परतल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या. ताईंनी त्याला पाठीवर निजवलं, गुडघा वाकू नये म्हणून पट्टा बांधला, दुसरा पाय खाटेला बांधला आणि सांगितलं, सरळ पाय जितका जोरात जाईल तितका वर फेक. आधी डावा. तो सपकन वर गेला. मग उजवा. तो अर्ध्यातच मंदावला.

"दुखलं?"

"नाही ताई."

"मग थांबवलास का?"

तो विचारात पडला. त्यानं थांबवलाच नव्हता, पाय आपण होऊन थांबला होता. मेंदूनं अजून त्या स्नायूवर पुरता भार टाकायला परवानगी दिलेली नव्हती. अण्णा शेजारी उभे होते. त्यांनीही ते पाहिलं. रविवारचा विषय घरी जाताना निघाला नाही.

पुढे पळणं आलं. ५० टक्के वेगानं, मग ७०, ८०, ९०, प्रत्येक पायरीवर दोन-तीन दिवस, आणि वेग घेण्याचं तसंच थांबण्याचं अंतर हळूहळू कमी करत. पण कबड्डीचं पळणं आखूड असतं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, म्हणजे एक बाजू साडेसहा, मध्यरेषेपासून, चढाई करणाऱ्याला ओलांडावी लागणारी निदान रेषा पावणेचार आणि जादा गुणाची बोनस रेषा पावणेपाच मीटरवर. ३० सेकंदांच्या चढाईत या एवढ्याशा जागेत झेप, गिरकी आणि मागे उडी. सरळ रेषेत शंभर टक्के पळता येणारा पाय टो टचला तयार असतोच असं नाही. म्हणून आधी उभ्या खांबाला सावकाश स्पर्श, मग गुडघ्याच्या उंचीच्या पोत्याला वेगानं, मग हलणाऱ्या माणसाला, मग घोटा हलकेच धरणाऱ्या माणसाला, आणि साखळी सगळ्यात शेवटी.

होळी होऊन गेली होती. मैदानावर संध्याकाळी चार-पाच पोरं होती आणि तो गुडघ्यांखाली दुमडलेली गोणी घेऊन बसला होता. आता नॉर्डिकची पाळी होती, मांडीमागच्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि तो एकट्यानं करायचा नव्हे. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कुणीतरी टाचा जमिनीला घट्ट दाबून धरायच्या, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत फळीसारखं ताठ राहून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे पडत जायचं. धरवेना झालं की हात टेकायचे आणि हातांनीच ढकलून वर यायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच वेळा, दोन संच. मग दिवस आणि संख्या वाढवत पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन दिवस, १२, १० आणि ८. सुरुवातीला दोन दिवस मांडी भरून येते, त्याला भ्यायचं नाही. कंबर मोडून पुढे गेलं तर काहीच पदरात पडत नाही. आणि मागचा माणूस हलका असेल किंवा त्याचं लक्ष नसेल तर टाचा उचलल्या जातात, पोटरीत गोळा येतो आणि माणूस तोंडावर पडतो. दोन मित्रांनी आळीपाळीनं धरून पाहिलं. दोन्ही वेळा टाचा सुटल्या.

कट्ट्यावरून अण्णा उठले. धोतर सावरून त्याच्या मागे मातीत गुडघे टेकून बसले आणि दोन्ही टाचांवर हात ठेवून त्यांनी सगळं अंग त्यावर टाकलं. "तू ये पुढे. मी सोडत नाही." पोरगा पुढे झुकू लागला. मांडीमागचे स्नायू दोरासारखे ताठ झाले, थरथरले. अण्णांचे अंगठे घोट्यांमागे टेकलेले होते, जराही न हलता. पोरानं हात टेकले.

"पाचाचे दोन ना? एक झाला. पुन्हा," अण्णा म्हणाले.